काम अडणार नाही

देवकते सर,

तुमच्या शोकसभेची सूचना तुम्हालाही गेली. प्राचार्यांनी ती स्वतःच्या खासगी खात्यावरून कॉलेजातल्या सगळ्यांना एकदम मेल केली आणि त्या सगळ्यांत तुम्ही होतात. यादीतून कुणाचं नाव काढायचं तर ते फक्त तुम्हालाच काढता यायचं. सूचना गेली न गेली तोच तुमचं उत्तर आलं. प्राचार्य केबिनमधून उठून ग्रंथालयात आले, माझ्या टेबलावर फोन ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. मी चष्मा लावून वाचलं. ‘मी रजेवर आहे. सोमवारी येतो. काम अडणार नाही. – देवकते.’ मग ते म्हणाले, “मॅडम, हे आता बंद कसं करायचं?” आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, “देवकते सरांना विचारा.”

शोकसभेत सगळ्यांनी तुम्हाला मितभाषी म्हटलं. तुम्ही आणि मितभाषी! मला तिथं हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडाला लावला आणि लोकांना वाटलं मी रडतेय. थोड्या वेळानं ते खरंच झालं. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं हे ठरलेलं असतं, त्यात त्या माणसाची काही चूक नसते. मी मात्र तुमची ओळख शिकवणं, पदवी, सेवेची वर्षं अशी सांगत बसणार नाही. ती ज्यांना हवी त्यांनी कॉलेजच्या फलकावर वाचावी. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि त्यात माझं बरोबर होतं.

त्या शुक्रवारी तुम्ही ग्रंथालयात आलात ते छातीवर हात ठेवूनच. जरा जड वाटतंय, सोलापूरला दाखवून येतो, म्हणालात. पण खरं काम वेगळंच होतं. रजेत आपोआप जाणारं उत्तर तुम्ही लिहिलं होतं आणि ते शुद्ध आहे का, हे तुम्हाला माझ्याकडून तपासून हवं होतं. तुमच्या स्वतःच्या पत्त्याला तेच आणि कॉलेजच्या मुख्य पत्त्यालाही तेच, कारण दोन्ही टपाल तुम्हीच बघायचात. पहिली दोन वाक्यं ठीक होती. तिसरं मी खोडायला सांगितलं. काम अडेल की नाही हे तुम्ही कशाला सांगता, उगीच कशाला शब्द देता, म्हटलं. तुम्ही ऐकलं नाहीत. खेड्यातली पोरं घाबरत घाबरत मेल करतात, त्यांना धीर द्यावा लागतो, असं तुमचं म्हणणं. “मॅडम, काम अडत न्हाय म्हनल्यावर मानसाला झोप लागती,” असं म्हणून तुम्ही गेलात. जाताना सवयीनं ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरवर मेलच्या खात्यातून बाहेर पडून, सगळीकडं कुलूप लावून गेलात. रविवारी बातमी आली.

तुमच्या आधी आपल्याकडं मेल म्हणजे काय प्रकार होता ते आठवतं का? मेल करायचा, मग फोन करून सांगायचं की मेल केलाय, मग शिपायाला पाठवून विचारायचं की फोन आला का, आणि शेवटी त्याची प्रिंट काढून हातात द्यायची. तुम्ही रसायनशास्त्राचे. तुम्हाला या कामाला कुणी लावलं? कुणीच नाही. एका मीटिंगला तुम्ही प्रोजेक्टरची वायर नीट लावलीत एवढाच तुमचा गुन्हा. त्या दिवसापासून कॉलेजचं मेलचं खातं तुमच्या गळ्यात पडलं ते कायमचं.

मग पासवर्डची कटकट सुरू झाली. आपले प्राध्यापक सिम बदलण्यात पटाईत. कुणी स्वस्त रिचार्जच्या नादी लागून नंबर बदलायचा, कुणाचा फोन बायकोकडं, कुणाचा लेकाकडं. पासवर्ड विसरला की खातं उघडायचा आकडा जायचा मेलेल्या नंबरवर. वैतागून तुम्ही एक दिवस सगळ्यांच्याच खात्यांना तुमचा नंबर टाकून दिलात. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत, माझ्यासकट. कुणाचंही अडलं की व्हरांड्यातून हाक यायची, “सर, ओटीपी आला का?” आणि तुम्ही जिथं असाल तिथून तो ओरडून सांगायचात. एकदा फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता तुम्ही दारातल्या सरांना आकडा सांगितलात आणि पुढच्या बाकावरच्या पोरीनं तो समीकरणात उतरवून घेतला. तुम्ही ती गंमत वर्षभर सांगत फिरलात. असला हा आपला मितभाषी माणूस.

त्या नंबरावरूनच तर आपलं भांडण. ग्रंथालयाच्या कपाटाला दोन किल्ल्या असतात, एक माझ्याकडं, एक प्राचार्यांकडं. मी मेले तरी पुस्तकं अडकून पडत नाहीत. खात्याला दुसरा माणूस ठेवा, दुसरा नंबर ठेवा, माझा नको तर हेडक्लार्कचा ठेवा, असं मी कितीदा म्हणाले. तुम्ही हसायचात. मग बेंबळीच्या तुमच्या वडिलांची, अण्णांची मेंढरं सांगायला लागायचात. अण्णा दिवस मावळताना मेंढरं कोंडायचे आणि एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजायचे. एक जरी बाहेर राहिलं तरी जेवायला बसायचे नाहीत. मोजायचं काम त्यांनी कधी भावालाही दिलं नाही, कारण दोघांनी मोजलं की दोघांनाही वाटतं दुसऱ्यानं मोजलं असेल. तुम्हीही तसेच. कॉलेज सुटताना कॉम्प्युटरपुढं बसायचात आणि न वाचलेला एकही मेल उरला नाही, हे बघितल्याशिवाय गाडीला किक मारायचा नाहीत. मी म्हणायचे, अण्णांचं ठीक होतं, पण तुमच्यानंतर काय? त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, “म्या कुठं चाललोय, मॅडम? हितंच हाय की.”

हे वाक्य मी तुम्हाला माफ करणार नाही.

आता आरतीचं ऐका. येडशीची आरती, रामलिंगाच्या देवळापाशी जिच्या वडिलांचा नारळाचा गाडा आहे ती. माकडं नारळ पळवतात म्हणून शाळेपासून हातात काठी घेऊन गाड्यावर बसायची आणि काठी मांडीवर ठेवूनच अभ्यास करायची, असं तुम्हीच मला कौतुकानं सांगितलं होतं. ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर तिचं पहिलं मेलचं खातं तुम्ही तिला तिच्याच हातानं उघडायला लावलंत. तिला बजावलंत, “पासवर्ड कुनाला सांगायचा न्हाय. मलाबी न्हाय.” नंबरही तिचा स्वतःचा टाकायला लावलात. आपल्या सगळ्यांना तुमच्या दावणीला बांधलंत आणि ती पोर तेवढी मोकळी सोडलीत. हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात येतंय.

तिला पुण्यात औषधांच्या कंपनीत नोकरी लागत होती. पदवी खरी आहे का, अशी विचारणा कंपनीनं कॉलेजच्या मुख्य पत्त्यावर केली. होय म्हणून एका ओळीचं उत्तर त्याच पत्त्यावरून गेलं की काम झालं. असली उत्तरं तुम्ही चहा पिता पिता द्यायचात. पोरीचा मला फोन आला तो नुसता आनंदात. “मॅडम, सरांचं उत्तर गेलंय कंपनीला. सोमवारी करतो म्हनलेत.” मी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले. तिला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. मग तिनं विचारलं, “मग मॅडम, उत्तर कुणी दिलं?” या प्रश्नाला काय सांगायचं, सर? मशीन देतं म्हटलं. ती रडायला लागली, आणि मीही.

मग आमची धावपळ सुरू झाली. हेडक्लार्कनी पासवर्ड ओळखायचा सपाटा लावला. तुमचं गाव, तुमची गाडी, रामलिंग, मूलद्रव्यांची नावं. शेवटी खातं इतकं बिथरलं की पासवर्ड घ्यायलाही तयार होईना. तुम्ही कुठं लिहून ठेवला असेल म्हणून मी तुमचा खण बघितला. खडूचे तुकडे, ॲसिडिटीच्या गोळ्या, एक पंचा. लिहून ठेवणाऱ्यांना तुम्हीच तर रागवायचात. राहता राहिला तुमचा फोन.

तुमचे दिवस झाल्यावर मी बेंबळीला गेले. वहिनींनी फोन टीव्हीशेजारी ठेवलाय, रोज चार्जिंगला लावतात. मी काय काम आहे ते सांगितलं तेव्हा त्यांनी तो पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “ह्याला अंगठा लागतुय त्यांचा. आता अंगठा कुठनं आणू, मॅडम?” मला ना मान वर करता आली, ना फोन परत देता आला. अंगठ्याऐवजी आकडे घालायचीही सोय होती. लेकरांच्या जन्मतारखा घालून झाल्या होत्या आणि फोन जास्तच रुसला होता. मग तुमचं सिम काढून मी माझ्या फोनात घातलं. मोठी हुशार मी. ओटीपी आला, तो मी घातला आणि समोर पाटी आली की तुमच्या नेहमीच्या फोनवर ‘होय, मीच’ हे बटण दाबा.

शेजारी तुमचा कुलूपबंद फोन घरच्या वायफायवर त्याच बटणासाठी थरथरत होता. वहिनी बघत होत्या, मी बघत होते. होय, मीच म्हणायला घरात कुणी नव्हतं.

हेडक्लार्कच्या ओळखीचा उमरग्याला एक मोबाईलवाला आहे, कसलाही फोन उघडतो अशी त्याची ख्याती. वहिनी भावाला घेऊन फोन तिकडं घेऊन गेल्या, मीही गेले. त्यानं बघितलं आणि सरळ सांगितलं, उघडून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल आणि तुमच्या मेलला तो फोन ओळखूही येणार नाही. वहिनींनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि पदराखाली धरला. “न्हाय. त्यात त्यांचा आवाज हाय,” एवढंच बोलल्या. परत येताना सगळी वाट फोन पदराखालीच होता. त्या काही चुकीचं करत होत्या असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही.

शेवटी मेलची सेवा देणाऱ्या कंपनीला रीतसर अर्ज केला. मृत्यूचा दाखला, संस्थेचा ठराव, प्राचार्यांचं पत्र, सगळं जोडलं. अर्ज मिळाला, असं त्यांचं उत्तर प्राचार्यांच्या फोनवर आलं. खाली लिहिलं होतं की खात्रीसाठी तुमच्या नोंदलेल्या व्यवस्थापकाला मेल पाठवला आहे. नोंदलेले व्यवस्थापक तुम्ही. आणि तुम्ही त्यांना लगेच उत्तर दिलंत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला नम्रपणे कळवलं की आपले व्यवस्थापक सोमवारी येत आहेत, तोवर अर्ज थांबवून ठेवला आहे. ऑफिसात आधी हेडक्लार्क हसले, मग प्राचार्य, मग आम्ही सगळे पोट धरून हसलो. असं हसू मी आयुष्यात कधी हसले नव्हते आणि पुन्हा हसायची इच्छा नाही.

मग पुन्हा अर्ज, पुन्हा फोन. पलीकडून रोज नवा आवाज, रोज पहिल्यापासून सगळं सांगायचं. सर वारले आहेत, हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्या अनोळखी लोकांना सांगितलं की ते माझं मलाच खोटं वाटायला लागलं. त्यांचं उत्तर अजूनही एकच आहे, तपासणी चालू आहे.

आरतीसाठी प्राचार्यांनी सहीशिक्क्याचं पत्र कंपनीला पाठवलं, स्वतःच्या खासगी मेलवरूनही लिहिलं. तिथल्या बाई सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, पत्र खरंच असेल, पण शिक्का कुणीही करून घेतो आणि खासगी पत्त्यावरून कुणीही काहीही लिहितो, आम्हाला कॉलेजच्या मुख्य पत्त्यावरूनच उत्तर लागतं. हे तर तुमचंच बोलणं, सर. स्टाफ मीटिंगमध्ये किती कळकळीनं सांगायचात तुम्ही, अधिकृत पत्ता सोडून आलेल्या मेलवर विश्वास ठेवू नका म्हणून. त्या बाईंना तुम्ही शिकवलं असतं तर त्या याहून वेगळं बोलल्या नसत्या. त्यांनी एक सोमवार थांबून बघितलं, कारण कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावरून त्यांना तसा शब्द मिळाला होता. मग आणखी एक सोमवार. मग त्यांनी ती जागा दुसऱ्याला दिली.

आरतीचे वडील परवा कॉलेजात आले होते. मी धसकले, म्हटलं आता हा माणूस चार शब्द सुनावणार आणि आपण खाली मान घालून ऐकायचं. त्यांनी पिशवीतून रामलिंगाचा नारळ काढला, तुमच्या खुर्चीपुढं टेबलावर ठेवला आणि हात जोडले. म्हणाले, “सरांचा काय दोष, बाई? मानूस काय सांगून जातुय व्हय?” मी मान हलवली. पण मला ते पटलेलं नाही. दोष तुमचाच आहे. माणूस सांगून जात नाही हे कळपाच्या धन्याला कळायला नको होतं का? पोर आता गाड्यावर बसते, दुसरीकडं अर्ज करते, आणि दर अर्जाच्या वेळी मला भीतभीत विचारते की कॉलेजचा मेल चालू झाला का. मी अजून नाही म्हणते. दुसरं माझ्या हातात काही नाही. इतकी वर्षं कुणी काही मागितलं की उठून कपाटातून काढून द्यायची मला सवय. असं रिकाम्या हातानं बसणं मला जमत नाही, सर.

राग आला की मी तुमची एक गोष्ट काढून बघते. माझा नातू हैदराबादला झाला तेव्हा लेकीला गडबडीत माझा पत्ता सापडेना, म्हणून तिनं त्याचा फोटो कॉलेजच्या मुख्य पत्त्यावर पाठवला. तुम्ही ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर तो छापलात. त्या प्रिंटरला प्राचार्यांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही असा नियमही तुमचाच. मागच्या बाजूला आवकचा शिक्का मारलात, सही केलीत आणि गंभीर चेहऱ्यानं माझ्यापुढं ठेवलात, “मॅडम, आपल्याकडं एक आवक झालीय. पोच द्या.” मी तुमच्यापुढंच रडले तेव्हा तुम्ही खिडकीतून बाहेरच्या कडुलिंबाकडं बघत उभे राहिलात. तुमचे त्या दिवशी मी नीट आभार मानले नाहीत. रोज भेटणाऱ्या माणसाचे कसले आभार मानायचे? तो फोटो माझ्या कपाटात आतल्या बाजूला लावलाय. दार उघडलं की नातू दिसतो. तुमचा शिक्का मागं असतो, दिसत नाही.

स्मृतिलेखात शेवटी लिहितात की दिवंगतांना शांती लाभो. माझी तशी प्रार्थना नाही. तुम्हाला तिथं थोडी चुटपुट लागावी, रुखरुख लागावी, अण्णांना लागायची तशी. ते भेटले असतील तर विचारा त्यांना, दिवस मावळलाय आणि मोजणारं कुणी नाही, आता काय करायचं? कारण कॉलेजच्या खात्यात किती मेल येऊन पडलेत, कुणास ठाऊक. त्यात विद्यापीठाचे असतील, पोरांचे असतील. आरतीबद्दलची ती दोन ओळींची विचारणा तिथंच आहे, न वाचलेली.

हेडक्लार्क म्हणतात, कॉलेजच्या वार्षिक अंकात तुमच्यावर काहीतरी लिहा. लिहिलं. पण अंकाला देण्याआधी हे तुम्ही बघायचात त्या कॉलेजच्या मुख्य पत्त्यावर पाठवतेय, कारण तुमच्याशी बोलायचं माझ्यापाशी दुसरं ठिकाण नाही. आरतीच्या त्या विचारणेशेजारी हेही जाऊन पडेल. उत्तर काय येईल ते मला पाठ आहे. त्यातलं तिसरं वाक्य खोडा म्हणून मी तेव्हाही सांगितलं होतं.

काम अडलंय, सर.